रात्रपाळीत एका सिस्टरने किती रुग्ण सांभाळावेत?

प्रश्न : रात्रपाळी_नागपूर

नमस्कार. मी जीएनएम (परिचर्येची पदविकाधारक) असून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी आहे. नागपुरातील ६५ खाटांच्या एका खाजगी रुग्णालयात चार वर्षांपासून काम करते. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, आणि वर्णनावरून कोणाला ते ओळखू आलेच तर त्यांनीही येथे लिहू नये, ही विनंती.

गेल्या आठवड्यातील प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आला आहे. त्या रात्री पुरुषांच्या वॉर्डात १७ रुग्ण होते. तिघांची त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेली, दोघे डेंगीचे, आणि ९ नंबरला यकृताच्या आजाराने भान हरपलेले, सारखे उठून बसणारे एक वृद्ध गृहस्थ. रात्री आम्ही दोघी असतो. परंतु आयसीयूत माणूस कमी आहे म्हणून साडेदहाच्या सुमारास दुसऱ्या सिस्टरला वर बोलावून घेतले, आणि खाली मी व एक मावशी एवढ्याच उरलो. पावणेदोनला १४ नंबरच्या रुग्णाला रक्त लावायचे होते. पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट आणि मुदत दोघांनी मिळून तपासायची असते, म्हणून मी आरएमओ सरांना (निवासी डॉक्टरांना) बोलावले. त्यांनी तपासून सही केली आणि ते कॅज्युअल्टीत परत गेले. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नसते. मी नाडीवर हात ठेवून घड्याळ पाहत उभी होते. सहाव्या की सातव्या मिनिटाला समोरच्या रांगेतून धप्प असा आवाज आला. ९ नंबरचे आजोबा कठड्यावरून, कॅथेटरसकट, खाली आले होते. मावशी तेव्हा बेडपॅन घेऊन संडासाकडे गेलेली होती. मी रक्ताचा क्लॅम्प बंद केला आणि धावले.

आजोबांच्या कपाळाला चार टाके पडले; सीटी स्कॅनमध्ये सुदैवाने काही निघाले नाही. त्यांच्या मुलाने मला वॉर्डभर ऐकू जाईल अशा शब्दांत बोलून घेतले. दुसऱ्या दिवशी ‘कर्तव्यात कसूर केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा’ असा मेमो माझ्या हातात पडला. त्या मेमोत १७ हा आकडा कुठेच नाही, आणि दुसऱ्या सिस्टरला वर नेल्याचाही उल्लेख नाही.

माझा हाती येणारा पगार १६,६०० रुपये आहे. तो कमी आहे हे मला माहीत आहे, परंतु आज प्रश्न त्याचा नाही. एका परिचारिकेकडे रात्री जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, याचा काही नियम आहे का? असल्यास खुलाशात तो लिहावा का? आणखी एक अडचण अशी की मी नॉर्सेटची, म्हणजे एम्सच्या परिचारिका भरती परीक्षेची, तयारी करत आहे. जीएनएमवाल्यांना त्या परीक्षेसाठी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि माझे अनुभवाचे प्रमाणपत्र याच व्यवस्थापनाच्या हातात आहे. त्यामुळे फार ताठर लिहिण्याचीही भीती वाटते.

उत्तर : निवृत्त परिसेविका, मानेवाडा

बेटा, आधी तुझ्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर देते, जो तू विचारलेला नाहीस. रक्त बंद करून धावलीस ते बरोबरच केलेस. क्लॅम्प न लावता धावली असतीस तर तो कसूर ठरला असता.

आता नियमाचे. भारतीय परिचर्या परिषदेची मानके आहेत : शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात १:३, इतर सर्वसाधारण रुग्णालयांत १:५, आयसीयूत १:१, आणि वर रजा व सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा माणसे. हे आकडे बहुतेकींना पाठ असतात, पण त्यांचा अर्थ लावताना हमखास घोटाळा होतो. १:३ म्हणजे एका वेळी एका सिस्टरकडे तीनच रुग्ण, असा त्याचा अर्थ नाही. तीन खाटांमागे हजेरीपटावर एक परिचारिका असावी, असा आहे. तीन पाळ्यांत वाटणी केली की प्रत्येक पाळीत एकीकडे सुमारे ९ खाटा येतात. त्याच हिशोबाने १:५ चे पाळीत १५ होतात. खुलाशात ‘नियमाप्रमाणे मला पाचच रुग्ण हवे होते’ असे लिहिलेस तर समोरचा जाणकार माणूस तेवढ्या एका वाक्यावर तुझा सगळा खुलासा उडवून लावील. आणि एवढा सैल हिशोब धरूनही तुझ्याकडे १५ च्या वर दोन रुग्ण होतेच. शिवाय तीन ताजी ऑपरेशने आणि एक रक्ताची पिशवी मोजली तर तो वॉर्ड कागदावरच सर्वसाधारण होता.

ही मानके आहेत, कायदा नव्हे. ती मोडली म्हणून कोणाला दंड होत नाही. तरीही खुलाशात त्यांचा उल्लेख एका वाक्यात अवश्य कर. बाकी सगळा मजकूर वेळेनुसार लिही : किती वाजता दुसऱ्या सिस्टरला नेले, कोणाच्या आदेशाने, तोंडी की फोनवर, त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण होते, कठडे वर होते की नाही, आजोबा पडण्याचा धोका आहे हे संध्याकाळच्या पाळीने ओव्हर देताना (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना) सांगितले होते का, आणि ते कुठे लिहिले आहे. ‘अत्यंत’, ‘अन्यायकारक’, ‘मानसिक त्रास’ असले शब्द घालू नकोस. दोन प्रती काढ आणि एकीवर पोच घे. नर्सिंग नोट्समध्ये काही लिहायचे राहिले असेल तर मागच्या ओळींत कोंबू नकोस; आजची तारीख आणि वेळ टाकून ‘उशिराची नोंद’ म्हणून लिही. मागाहून घुसवलेली एक ओळ सापडली की खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो, हे मी चौकशांत बसून पाहिले आहे.

मी शासकीय सेवेत ३३ वर्षे काढली. तिथे चित्र फार वेगळे होते असे समजू नकोस. शासकीय रुग्णालय खाट नाही म्हणून रुग्णाला परत पाठवू शकत नाही. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून आलेला माणूस खाली गादी टाकून झोपतो, आणि मंजूर पदे मात्र खाटांवर मोजली जातात, गाद्यांवर नाही. उन्हाळ्यात उष्माघाताचे आणि पावसाळा संपताना डेंगीचे रुग्ण भरले की अधिपरिचारिकेच्या एका पाळीत किती जण असत, ते आता सांगितले तर खोटे वाटेल. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली, तेव्हा ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत परिचारिकाही होत्या. त्या प्रकरणात कोणाचे किती चुकले यावर मी बोलणार नाही. एवढेच सांगते की त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडच्या मुली रात्री जेवायला वॉर्डाबाहेर जाईनात. डबा टेबलावरच उघडायच्या.

उत्तर : ब्रदर_मिहान

ताईंनी मानकांचा अर्थ नेमका सांगितला आहे, म्हणून मी पगाराकडे वळतो. तुमचा प्रश्न पगाराचा नाही असे तुम्ही लिहिले असले तरी तो रुग्णसंख्येपासून वेगळा काढता येत नाही, असे माझे मत आहे. रुग्णालयाला परिचारिका इतकी स्वस्त मिळते, म्हणूनच ती वर्षभरात निघून जाते, आणि तिची जागा भरेपर्यंत उरलेल्या दोघी तिघींचे काम ओढतात. तुमच्या रात्री आयसीयूत माणूस कमी का पडला, याचे उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर, खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी केंद्राला तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. समितीच्या शिफारशी अशा होत्या : २०० हून अधिक खाटा असतील तर वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके, १०० हून अधिक खाटांना त्याहून जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांच्या खाली नाही. तुमच्या रुग्णालयाचा हिशोब करून पाहा. राज्यात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते बाजूला ठेवून नुसते त्याचेच तीन चतुर्थांश केले तरी २६,५५० होतात, आणि तुम्ही १६,६०० घेता. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० चा तळ बांधून घेतला. आपल्याकडे या शिफारशींची माहिती परिचारिकांनाही नसते. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. त्यात शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचरण यांची चौकट आहे, परंतु किती रुग्णांमागे किती परिचारिका हा आकडा त्यातही घातलेला नाही.

नॉर्सेटविषयी. मी त्याच परीक्षेतून आलो. केंद्राच्या वेतनश्रेणीत सातव्या स्तरावर ४४,९०० मूळ वेतन मिळते, म्हणून एकेका जागेसाठी देशभरातून अर्ज येतात. ८० टक्के जागा महिलांना असल्याने आम्हा ब्रदर लोकांना उरलेल्या २० टक्क्यांत झगडावे लागते. तक्रार म्हणून नव्हे, तुमची संधी माझ्यापेक्षा बरी आहे हे सांगण्यासाठी लिहितो. वयोमर्यादा मात्र सर्वसाधारण प्रवर्गाला ३० आहे, ती नजरेआड करू नका. माझ्या वर्गातल्या चौघी जर्मन भाषेच्या वर्गाला जातात. जर्मनीत नोंदणीसाठी साधारणपणे बी-२ पातळी लागते आणि नोकरी करत तिथवर पोचायला दीड-दोन वर्षे सहज जातात.

अनुभवाच्या प्रमाणपत्राबद्दल एक उपाय. खुलासा देण्याआधीच नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे विवरण आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा यांच्या प्रती घरी नेऊन ठेवा. प्रमाणपत्राची जागा त्यांनी भरून निघत नाही, परंतु ते नाकारले गेल्यास दाद मागताना हेच कागद कामी येतात. नियुक्तिपत्रच मिळाले नसेल तर लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

उत्तर : २८_खाटा

मी डॉक्टर असून दक्षिण नागपुरात माझे २८ खाटांचे रुग्णालय आहे. येथे माझी बाजू कोणाला आवडणार नाही, तरीही लिहितो.

१:५ आणि वर ३० टक्के असा हिशोब धरला तर मला ७ ते ८ प्रशिक्षित परिचारिका लागतील. माझ्याकडे चार आहेत. बाकी पाच मुली सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स केलेल्या आहेत. त्यांना आम्ही आणि रुग्णही ‘सिस्टर’ म्हणतो, आणि हे बरोबर नाही हे मला समजते. प्रशिक्षित मुलगी ठेवली की ती सलाईन, इंजेक्शने, चार्ट शिकून तरबेज होईपर्यंत सहा महिने जातात आणि आठव्या महिन्यात शासकीय भरतीची जाहिरात येते. जाणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. परंतु ज्या शासकीय योजनांचे आणि विमा कंपन्यांचे रुग्ण मी घेतो, त्यांचे दर आधीच ठरलेले असतात, आणि औषधे, वीज, ऑक्सिजन यांच्या खर्चात कपात करता येत नाही म्हणून कपात माणसांवर येते.

प्रश्नकर्त्या सिस्टरना मात्र एक स्पष्ट सांगतो. माझ्या रुग्णालयात असा प्रसंग घडला असता तर मीही बहुधा मेमोच दिला असता, कारण नातेवाईक दारात उभे असताना व्यवस्थापनाला कोणावर तरी कारवाई केल्याचे दाखवायचे असते. तो मेमो तुमच्या कामाचे मूल्यमापन आहे असे समजू नका.

उत्तर : काटोल_रोड

मी रुग्णाचा नातेवाईक म्हणून लिहीत आहे. माझे वडील मागच्या वर्षी सहा दिवस भरती होते, आणि सलाईन संपून नळीत रक्त चढले तेव्हा मी रात्री तीन वाजता एका सिस्टरवर आवाज चढवला होता. त्या वेळी तिच्याकडे किती रुग्ण आहेत हे विचारावे, असे माझ्या मनातही आले नाही.

व्यवसायाने मी लेखापाल आहे. डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून वडिलांचे जुने बिल काढून पाहिले. त्यात खाटेच्या भाड्याखेरीज ‘नर्सिंग चार्जेस’ अशी स्वतंत्र ओळ आहे : रोजचे ४०० रुपये, सहा दिवसांचे २,४००. आता मूळ प्रश्नातल्या वॉर्डाला हाच दर लावून पाहू. १७ रुग्णांचे दिवसाला ६,८०० रुपये झाले. तीन पाळ्यांत दोन-दोन सिस्टर धरल्या तर सहा पाळ्या होतात. १६,६०० ला २६ दिवसांनी भागले की एका पाळीचे सुमारे ६४० रुपये, सहांचे ३,८४० रुपये. भविष्यनिर्वाह निधी, रजा, गणवेश यांचा खर्च वर धरा, तरीही प्रत्येक पाळीत तिसरी सिस्टर ठेवण्याइतके पैसे त्या एका ओळीतच उरतात. दुसरीकडचा दर वेगळा असू शकतो आणि प्रत्येक रुग्णालयाचा ताळेबंद निराळा असतो, हे मान्य आहे. परंतु रुग्णाकडून ज्या नावाने पैसे घेतले जातात त्या नावावर किती खर्च होतात, एवढे विचारण्याचा अधिकार बिल भरणाऱ्याला असावा.

उत्तर : २८_खाटा

काटोल रोडवरील सद्गृहस्थांचा हिशोब मी दोनदा तपासला. माझ्या बिलावर ही रक्कम ३०० आहे. सरासरी १७ खाटा भरलेल्या असतात, म्हणजे महिन्याला सुमारे १,५३,०००. आठ प्रशिक्षित परिचारिकांना २०,००० प्रमाणे द्यायचे तर १,६०,००० लागतील. फरक मी समजत होतो त्यापेक्षा बराच कमी निघाला. योजनेच्या रुग्णांना ही ओळ स्वतंत्र लावता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष जमा याहून कमी असते, हे नोंदवून ठेवतो. तूर्त याहून अधिक काही लिहीत नाही.

उत्तर : निवृत्त परिसेविका, मानेवाडा

डॉक्टरसाहेब, सहा महिन्यांच्या कोर्सवाल्या त्या पाच मुलींना निदान हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस दिले आहेत का, तेवढे पाहा. सुई टोचली की त्यांना कोणाला सांगायचे तेही माहीत नसते. आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू व्हावी लागतात. मूळ विषयाला सोडून आहे, पण राहवले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : रात्रपाळी_नागपूर

सर्वांची आभारी आहे. खुलासा सोमवारी दिला आणि पोच घेतली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे वेळेनुसार लिहिला. एकूण पाऊण पान झाला. मी पहिल्यांदा लिहिलेला खुलासा साडेतीन पानांचा होता आणि त्यात ‘अत्यंत’ हा शब्द अकरा वेळा आला होता.

लिहिताना एक गोष्ट सापडली. संध्याकाळच्या पाळीतल्या सिस्टरने ओव्हरच्या वहीत ९ नंबरसमोर ‘रेस्टलेस, नातेवाईक हवा’ असे लिहिले होते. परंतु भेटीची वेळ संपल्यावर सुरक्षारक्षकाने त्यांच्या मुलाला खाली पाठवले होते. म्हणजे जो मुलगा माझ्यावर ओरडला, त्याला वडिलांजवळ थांबायचेच होते. हे मी खुलाशात लिहिले, आणि परवा तो ड्रेसिंगच्या वेळी आला तेव्हा त्यालाही सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला, मग ‘मला कोणी सांगितलंच नाही, सिस्टर’ एवढे म्हणाला.

मेमो मागे घेतलेला नाही आणि त्यावर पुढे काही कारवाईही झालेली नाही. मेट्रन मॅडमनी बोलावून घेतले. त्या रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी कपाटातून एक कोरे रजिस्टर काढून दिले. यापुढे रात्री कोणाला एका वॉर्डातून दुसरीकडे हलवायचे असेल तर वेळ, मागे राहिलेल्या रुग्णांची संख्या आणि आदेश देणाऱ्याची सही त्यात घ्यायची आहे. पहिल्या चार रात्रींत दोन नोंदी झाल्या. पाचव्या रात्री वरून फोन आला, मी रजिस्टरचे सांगितले, आणि ‘बरं, आम्ही पाहतो’ असे म्हणून फोन ठेवण्यात आला.

नॉर्सेटची तयारी चालूच आहे. अनुभवाच्या प्रमाणपत्रासाठी आजच अर्ज दिला, त्याचीही पोच घेतली. डॉक्टरसाहेबांनी लसीबद्दल उत्तर दिले नाही, ते वाचायला आवडेल.